मेसची लाइन कोणी अडवली?

सुरुवातीलाच कबूल करते की हा लेख मी हौसेने लिहीत नाहीये. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "जे झालं ते नीट लिहून काढ आणि मॅगझिनला दे. पुढच्या बॅचला तरी उपयोग होईल." मराठी सेक्शनला दे असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या, ते माझं मी ठरवलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण ज्या मेसच्या काकांनी त्या रात्री जुनी वही काढून आपल्या सगळ्यांना जेवू घातलं, त्यांनाही हा लेख वाचता यावा अशी इच्छा आहे.

विषय आहे डेटाबेसमधले लॉक आणि त्यामुळे होणारं ब्लॉकिंग. कॉम्प्युटरवाल्यांना हा डीबीएमएसच्या पेपरात येतो. आपण 'टू फेज लॉकिंग'ची व्याख्या पाठ करतो, आलेख काढतो, मार्क घेतो आणि विसरतो. मीही तेच केलं होतं. बाकीच्या ब्रँचवाल्यांनी घाबरू नका, मेसच्या लाइनमध्ये उभं राहिलेल्या कोणालाही हा विषय समजतो.

त्या रात्री काय झालं

आपल्या दोन्ही हॉस्टेलची मेस एकाच डेटाबेसवर चालते. मुलांच्या हॉलमध्ये दोन काउंटर, मुलींच्या हॉलमध्ये एक. ताट घेण्याआधी कार्ड स्कॅन करायचं, की 'जेवण' नावाच्या टेबलमध्ये एक ओळ पडते. जेवढी जेवणं तेवढं बिल. घरी जाणार असाल तर आदल्या दिवशी 'खाडा' टाकायचा, म्हणजे किती पोळ्या करायच्या ते काकांना कळतं. खाडा न टाकता गायब झालात तर त्या जेवणाचे पैसे लागतात. हे सगळं पूर्वी वहीत होतं. गेल्या वर्षी आम्ही चौघांनी ते पोस्टग्रेस डेटाबेसवर बसवलं आणि कॉलर ताठ करून फिरलो.

महिनाअखेर होती. संध्याकाळी ७:२० ला मी कॉम्प्युटर लॅबमध्ये बिलांचे आकडे काढायला बसले. ८ वाजून ५ मिनिटांनी आमच्या टीममधल्या सेकंड इयरच्या ज्युनिअरने आपल्या रूमवरून 'जेवण' टेबलमध्ये 'पाहुणा' नावाचा एक नवीन कॉलम घालायला घेतला. ८ वाजून ६ मिनिटांनी तिन्ही काउंटर थांबले.

थांबले म्हणजे एरर नाही, मेसेज नाही. कार्ड स्कॅन केलं की नुसतं गोल गोल फिरत राहायचं. काउंटरवरच्या मुलाने परत स्कॅन केलं. मग पीसी रीस्टार्ट केला, परत स्कॅन केलं. लाइन जिन्यावरून खाली पोर्चपर्यंत गेली. फर्स्ट इयरच्या पोरांनी ताटं वाजवायला सुरुवात केली. शेवटी काकांनी कपाटातून वही काढली आणि नावं लिहून ताटं द्यायला लागले.

साडेआठच्या सुमाराला मला शोधून आणलं. मी पाच मिनिटांत गुन्हेगार शोधला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्याने टेबल बदलायला घेतलं म्हणून अडकलंय." त्याची कमांड रद्द केली. लाइन सुरू झाली. मला शाबासकी मिळाली. रात्री १० च्या मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याला सगळ्यांसमोर झापलं, त्याचा पासवर्ड काढून घ्यायचं ठरलं, आणि 'पुढच्या महिन्यापासून परत वही' असा प्रस्तावही आला.

माझं निदान चुकीचं होतं. ते कसं चुकलं आणि बरोबर निदान कसं करायला हवं होतं, हाच लेखाचा विषय.

आधी थोडी थिअरी : लॉक असतो कशाला?

समजा फीस्टची एकच प्लेट उरली आहे. काउंटर १ ने डेटाबेसला विचारलं, "किती उरल्या?" उत्तर आलं १. त्याच क्षणी काउंटर २ ने विचारलं, त्यालाही उत्तर आलं १. दोघांनी प्लेट दिली, दोघांनी १ मधून १ वजा करून ० लिहिलं. कागदावर हिशोब बरोबर, पण जेवणारे दोन आणि गुलाबजाम एकालाच! हे होऊ नये म्हणून एकाचं काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबवावं लागतं. ते थांबवण्याचं साधन म्हणजे लॉक.

लॉक कधी घ्यायचे आणि कधी सोडायचे याचा नियम १९७६ साली आयबीएमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका पेपरमध्ये मांडला गेला. ईश्वरन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर हे त्याचे चार लेखक. आपलं पाठ केलेलं टू फेज लॉकिंग ते हेच. त्यातल्या जिम ग्रे यांना १९९८ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच लक्षात ठेवा : साधारणपणे लॉक क्वेरी संपली की सुटत नाही, ट्रान्झॅक्शन संपलं की सुटतो. ट्रान्झॅक्शन म्हणजे 'बिगिन'पासून 'कमिट' किंवा 'रोलबॅक'पर्यंतचं सगळं. क्वेरी एका सेकंदात झाली, पण कमिट करायचं राहिलं, तर लॉक तुमच्याच नावावर. संडासात जाऊन बाहेर आलात, पण किल्ली खिशात घेऊन फिरताय, तसा प्रकार.

तिथे एवढ्या लोकांना थांबायला लागलं असतं तर डेटाबेस चालले नसते, म्हणून लॉकचे प्रकार असतात. पोस्टग्रेसमध्ये टेबलवरच्या लॉकचे ८ प्रकार आहेत. आपल्याला तीन पुरे :

ॲक्सेस शेअर : नुसतं वाचणाऱ्याला म्हणजे 'सिलेक्ट'ला मिळणारा, सगळ्यात सौम्य.

रो एक्सक्लुझिव्ह : ओळ घालणाऱ्याला, बदलणाऱ्याला किंवा काढणाऱ्याला टेबलवर मिळणारा. नाव भीतीदायक आहे, पण असे शंभर जण एकाच टेबलवर एकाच वेळी सुखाने नांदतात.

ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह : टेबलची रचनाच बदलणाऱ्या बहुतेक 'ऑल्टर टेबल' कमांडना लागणारा. याचं कोणाशीच पटत नाही, अगदी नुसतं वाचणाऱ्याशीही नाही.

पोस्टग्रेस एका ओळीच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या बाजूबाजूला ठेवतो, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. हे वाक्य मी व्हायव्हात तीनदा म्हटलंय. ते खरं आहे, पण टेबलची रचना बदलणारा मधे आला की ते पुरत नाही. त्या रात्री आपल्याला तेच नडलं.

पहिलं निदान आणि माझी चूक

पोस्टग्रेसमध्ये 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' नावाचा एक व्ह्यू असतो (शब्दांच्या मधे अंडरस्कोअर टाकायचे). मेसच्या ऑफिसची हजेरी-वहीच समजा. डेटाबेसला जोडलेल्या प्रत्येक सेशनची एक ओळ. त्यात सेशनचा नंबर म्हणजे पीआयडी, ते कोणत्या मशीनवरून आलंय, ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं, आत्ता काय स्थिती आहे, कशाची वाट बघतंय आणि शेवटची क्वेरी कोणती, हे सगळं दिसतं.

जोडीला 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' नावाचं फंक्शन आहे, २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून. त्याला एक पीआयडी द्यायचा, ते त्याला अडवणाऱ्यांचे पीआयडी देतं.

मी काउंटरच्या अडकलेल्या स्कॅनचा पीआयडी दिला. उत्तरात एकच नंबर आला. तो नंबर कोणाचा बघितलं, तर ज्युनिअरचं ऑल्टर टेबल. स्थिती 'ॲक्टिव्ह'. म्हटलं, झालं! हा पठ्ठ्या एवढं मोठं टेबल बदलतोय, काम चालू आहे, म्हणून बाकीचे थांबलेत. कमांड रद्द केली आणि लाइन धावायला लागली. म्हणजे निदान बरोबरच, नाही का?

इथे माझ्या तीन चुका झाल्या.

एक. 'ॲक्टिव्ह' म्हणजे 'काम करतोय' असं नाही. क्वेरी सुरू झालेली आहे आणि संपलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती खरंच राबतेय की कोणाची तरी वाट बघत उभी आहे, हे शेजारच्या 'वेट इव्हेंट टाइप' कॉलमवरून कळतं. तिथे 'लॉक' असं लिहिलं असेल तर ती स्वतःच अडकलेली असते. त्या रात्री ऑल्टर टेबलच्या ओळीत 'लॉक' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.

दोन. कॉलम वाढवायला एवढा वेळ लागतच नाही. नवीन कॉलमला डिफॉल्ट नसेल तर पोस्टग्रेस टेबलच्या ओळींना हातही लावत नाही, फक्त स्वतःच्या कॅटलॉगमध्ये नोंद करतो. २०१८ च्या ११ आवृत्तीपासून ठराविक किंमतीचं डिफॉल्ट दिलं तरी तसंच. हे काम मिलिसेकंदांचं. पंचवीस मिनिटं झाली तरी ते संपलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तीन, आणि सगळ्यात मोठी. "स्कॅनला कोण अडवतंय?" हे मी विचारलं. "आणि त्याला कोण अडवतंय?" हे विचारलंच नाही.

रात्री ११ चा फोन

११ वाजता ज्युनिअरचा फोन आला. पासवर्ड सकाळी बदलणार होता, म्हणून त्याने तेवढ्यात मेस बंद असताना तीच कमांड परत चालवून बघितली होती. परत अडकली.

"ताई, आता तर कोणीच जेवत नाहीये. मग ही कोणासाठी थांबलीये?"

मी लॅपटॉप उघडला. ऑल्टर टेबलचा पीआयडी त्या फंक्शनला दिला. उत्तरात एक नवीनच नंबर आला. त्याची ओळ बघितली : स्थिती 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. म्हणजे काही करत नाहीये, पण ट्रान्झॅक्शन उघडंच ठेवून बसलंय. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ, संध्याकाळचे ७:२१.

शेवटची क्वेरी मात्र 'खाडे' टेबलवरची दिसत होती, 'जेवण' टेबलचं त्यात नावही नाही. ही आणखी एक फसवी जागा. या कॉलममध्ये शेवटची क्वेरी दिसते, लॉक घेणारी क्वेरी दिसेलच असं नाही. लॉक त्याच ट्रान्झॅक्शनमधल्या आधीच्या एखाद्या क्वेरीने घेतलेला असू शकतो. कोणाकडे कोणता लॉक आहे ते 'पीजी लॉक्स' या दुसऱ्या व्ह्यूमध्ये बघायचं. तिथे त्या पीआयडीच्या नावावर 'जेवण' टेबलचा ॲक्सेस शेअर लॉक होता. सगळ्यात सौम्य, नुसत्या वाचणाऱ्याचा.

लॉगिनच्या नावावरून काही कळेना, कारण आम्ही चौघं एकाच 'मेस ॲडमिन' लॉगिनने काम करायचो. पण कोणत्या मशीनवरून जोडलंय तो आयपी दिसत होता. तो लॅबमधल्या खिडकीजवळच्या मशीनचा होता. ७:२१ ला त्या मशीनवर मी बसले होते.

झालं असं होतं. बिलांचे सगळे आकडे एकाच क्षणाचे असावेत म्हणून मी 'बिगिन' करून एक ट्रान्झॅक्शन उघडलं होतं. हेतू अगदी पुस्तकातला. आधी 'जेवण' मोजली, मग 'खाडे' मोजले. तेवढ्यात घरून फोन आला. मी शहाण्यासारखी स्क्रीन लॉक केली आणि बाहेर गेले. स्क्रीन लॉक केली, पण डेटाबेसचा लॉक सोडला नाही!

आता साखळी जोडून बघा. ७:२१ पासून माझ्याकडे वाचणाऱ्याचा लॉक. त्याने कोणालाच त्रास नव्हता, पाऊण तास स्कॅन धडाधड चालले होते. ८:०५ ला ऑल्टर टेबल आलं. त्याला कोणीही नको, वाचणाराही नको, म्हणून ते माझ्या मागे उभं राहिलं. ८:०६ ला पुढचा स्कॅन आला. स्कॅनचं माझ्याशी भांडण नाही, पण पुढे उभ्या असलेल्या ऑल्टर टेबलशी आहे. आणि डेटाबेसची लाइन आपल्या मेससारखी नसते, तिथे मधे घुसता येत नाही. म्हणून स्कॅन ऑल्टर टेबलच्या मागे उभा राहिला, त्याच्या मागे पुढचा, त्याच्या मागे पुढचा. खाडे आणि जेवणं बघायचं पान उघडलं तर नुसतं वाचणंही बंद.

मी ऑल्टर टेबल काढल्यावर लाइन का सुटली, तेही यातच आहे. मधला उठला की मागच्यांचं माझ्याशी काही वाकडं नव्हतंच. इलाज लागू पडला म्हणून निदान बरोबर ठरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

फोनवर ज्युनिअर विचारत होता, "ताई, हा आयपी कोणत्या मशीनचा?" लॉगिन चौघांचं एकच. 'कोणाचं तरी राहिलं असेल' असं म्हणता आलं असतं. थोडा वेळ मी गप्पच होते. मग म्हटलं, "माझा आहे रे. मीच उघडं ठेवून गेले." तो पण थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आता ते मारू का?"

मारायचं कसं

लॅब १० ला बंद होते, तेव्हा जाऊन कमिट करणं शक्य नव्हतं. सर्व्हरवरूनच सोडवायचं, तर दोन फंक्शन्स आहेत. 'पीजी कॅन्सल बॅकएंड' हे चालू असलेली क्वेरी रद्द करतं. आम्ही आधी हेच वापरलं. त्याने 'ट्रू' असं उत्तर दिलं, आणि काहीही झालं नाही! कारण माझ्या सेशनमध्ये रद्द करायला क्वेरी चालूच नव्हती. 'पीजी टर्मिनेट बॅकएंड' हे अख्खं सेशन संपवतं, ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतं आणि लॉक सुटतात. ते चालवल्या क्षणी ऑल्टर टेबल पूर्ण झालं. डोळे मिटून उघडायच्या आत.

पण हे हत्यार जपून वापरा. माझं ट्रान्झॅक्शन नुसतं वाचत होतं म्हणून रोलबॅकने काही गेलं नाही. तिथे कोणाच्या तासाभराच्या अपडेट असत्या तर सगळ्या पाण्यात गेल्या असत्या. मारायच्या आधी सेशन कोणाचं आहे आणि त्याने काय केलंय, हे बघा. जमलं तर त्या माणसाला फोन करा.

निदानाची पद्धत, क्रमाने

१) आधी खात्री करा की हे ब्लॉकिंगच आहे. सगळं हळू चाललंय आणि सर्व्हरचा सीपीयू किंवा डिस्क तापलीय, तर दुखणं वेगळं. सगळं थांबलंय आणि सर्व्हर आरामात बसलाय, तर लॉकचा संशय घ्या.

२) पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमध्ये 'वेट इव्हेंट टाइप' लॉक असलेली सेशन्स काढा. शेजारच्या 'वेट इव्हेंट'मध्ये 'रिलेशन' असेल तर भांडण अख्ख्या टेबलवर आहे. 'ट्रान्झॅक्शनआयडी' किंवा 'टपल' असेल तर बहुतेक एखाद्या ओळीवर.

३) प्रत्येकाला कोण अडवतंय ते काढा. मग अडवणाऱ्याला कोण अडवतंय ते काढा. ज्याला कोणीच अडवत नाही असा माणूस सापडेपर्यंत थांबू नका. तो मूळ.

४) मूळ सेशनचं ट्रान्झॅक्शन किती वेळ चालू आहे ते बघा. क्वेरी किती वेळ चालू आहे ते नव्हे, ट्रान्झॅक्शन.

५) थोड्या थोड्या वेळाने तीन-चारदा परत बघा. दर वेळी तोच पीआयडी मुळाशी असेल, तर कोणीतरी किल्ली घेऊन झोपलंय किंवा एखादं लांबलचक काम चालू आहे. दर वेळी मुळाशी नवीन पीआयडी असेल, तर दोषी माणूस नाही. जागाच अरुंद आहे.

जागा अरुंद असेल तर

या शेवटच्या प्रकाराला 'कंटेन्शन' म्हणतात आणि तोही आम्ही भोगलाय. आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये 'आजची एकूण ताटं' हा आकडा एका टेबलच्या एकाच ओळीत होता. प्रत्येक स्कॅन आधी तो आकडा १ ने वाढवायचा, मग कुपन छापायचा, मग कमिट करायचा. छापायला २ सेकंद. म्हणजे ती ओळ २ सेकंद एकाच्या ताब्यात. हिशोब करा : मिनिटाला फक्त ३० ताटं, मग काउंटर तीन असोत की तेरा. ४२० जणांना १४ मिनिटं. तिन्ही काउंटर खरंच एकाच वेळी चालले असते तर पाच मिनिटांच्या आत काम झालं असतं. कोणाचीही कोणतीही क्वेरी हळू नव्हती, सगळे एका दारातून जात होते एवढंच.

उपाय सोपा निघाला. छपाई कमिटच्या नंतर नेली, आणि तो आकडा साठवायचाच बंद केला. पाहिजे तेव्हा 'जेवण' टेबलमधल्या ओळी मोजतो. नियम असा : लॉक हातात असताना प्रिंटर, नेटवर्क किंवा माणूस यांची वाट बघायची नाही. आणि गर्दीच्या ओळीला हात लावायचाच असेल तर ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी लावायचा.

डेडलॉक हा आणखी वेगळा. रूम बदलण्याच्या प्रोग्रॅममध्ये एकाने आधी रूम १२ ची ओळ धरली आणि २७ मागितली, दुसऱ्याने आधी २७ धरली आणि १२ मागितली. दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर उभे. डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली परीक्षेत घातलेलं गणित ते हेच, जे आपण 'जेवणारे तत्त्वज्ञ' म्हणून शिकतो. (मेसचा आणि या विषयाचा संबंध जुना आहे बघा.) पण डेडलॉकसाठी रात्री कोणाला उठवावं लागत नाही. एखादं सेशन लॉकसाठी १ सेकंद थांबलं की पोस्टग्रेस असं चक्र तयार झालंय का ते स्वतः तपासतो आणि एकाला एरर देऊन बाहेर काढतो. ती १ सेकंदाची मर्यादा बदलता येते. कायमचा उपाय म्हणजे सगळ्यांनी ओळी एकाच क्रमाने धरायच्या, लहान रूम नंबर आधी. माझ्या प्रकरणात चक्र नव्हतं, सरळ लाइन होती. म्हणून डेटाबेसने काहीच केलं नाही. तो माझ्या कमिटची वाट बघत बसला.

तुमचा डेटाबेस वेगळा असेल तर नावं बदलतात, प्रश्न तेच राहतात. मायएसक्यूएलमध्ये 'सिस' स्कीमातला 'इनोडीबी लॉक वेट्स' हा व्ह्यू बघा. तिथे ओळीच्या लॉकसाठी थांबायची मर्यादा मुळात ५० सेकंद असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू रिक्वेस्टच्या व्ह्यूत 'ब्लॉकिंग सेशन आयडी' हा कॉलम असतो. आणि स्वतःच्या मशीनवर बसवलेल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मूळ सेटिंगवर वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवू शकतात, हे ध्यानात ठेवा.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमिटीच्या सेक्रेटरीला आणि रेक्टर मॅडमना जाऊन सांगितलं. मॅडमनी विचारलं, "काल मीटिंगमध्ये तू तिथेच होतीस ना?" मी हो म्हटलं. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, हा लेख लिहायला सांगितला. ज्युनिअरचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. वहीचा प्रस्ताव बारगळला. कमिटीने झापताना हॉल भरलेला होता, खुलासा मात्र नोटीस बोर्डवर चार ओळींचा लागला. म्हणून इथे परत लिहिते : त्याची चूक एवढीच की जेवणाच्या वेळेला त्याने टेबल बदलायला घेतलं. लाइन मी अडवली होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बिलं निस्तरण्यात. काउंटरचा पीसी रीस्टार्ट केला तरी सर्व्हरवर आधीचे स्कॅन लॉकची वाट बघत तसेच उभे होते. लाइन सुटल्यावर ते सगळे जमा झाले. कोणाच्या नावावर दोन जेवणं, कोणाच्या तीन. शिवाय काकांच्या वहीत ६३ नावं. ती आंधळेपणाने टाकली असती तर त्यांना परत एकदा पैसे बसले असते. मी आणि ज्युनिअर दोन संध्याकाळ बसून वही आणि टेबल ओळीला ओळ लावत होतो. दोन नावं शेवटपर्यंत लागली नाहीत. ती दोन ताटं मी माझ्या बिलात घेतली.

सिस्टिममध्ये काय बदललं तेही सांगते, कारण 'आता काळजी घेऊ' हा काही उपाय नाही. एक, आयडल इन ट्रान्झॅक्शनची मर्यादा ५ मिनिटं केली. मुळात ही मर्यादा बंद असते. आता कोणी उघडं ठेवून गेलं की सर्व्हर स्वतः सेशन तोडतो. दोन, ऑल्टर टेबलच्या आधी 'लॉक टाइमआउट' २ सेकंद लावायचा. दोन सेकंदांत लॉक मिळाला नाही तर मागे फिरायचं आणि नंतर परत प्रयत्न करायचा, लाइनमध्ये तंबू ठोकायचा नाही. तीन, लॉकसाठी १ सेकंदापेक्षा जास्त कोणी थांबलं तर लॉगमध्ये नोंद होईल असं सेटिंग चालू केलं. चार, चौघांना चार वेगळी लॉगिन. पाच, एका विद्यार्थ्याचं एका वेळचं जेवण एकदाच पडेल असं युनिक बंधन 'जेवण' टेबलला घातलं. एक्स्ट्रा ताट आणि पाहुणे आता वेगळे लिहितो.

आणि काकांची वही? ती काउंटरच्या ड्रॉवरमध्येच आहे, पेनासकट. काढून टाका असं म्हणायला मी गेले होते. काका म्हणाले, "राहू दे पोरी. तुझं ते यंत्र वाट बघत बसतं. पोरांना भूक लागते."

मी परत आले आणि आमच्या यूजर मॅन्युअलमध्ये शेवटी एक ओळ वाढवली : स्कॅन १० सेकंदांत झाला नाही तर परत करू नये, वही वापरावी आणि चौघांपैकी एकाला फोन करावा.